सनावळी पाठ, प्रश्न मात्र कारणाचा

यूजीसी-नेटला ‘जनसंचार व पत्रकारिता’ हा विषय घेतला की तयारीची सुरुवात बहुधा सनावळीच्या वहीने होते. १७८० हिकीचं ‘बेंगॉल गॅझेट’, १८३२ बाळशास्त्रींचं ‘दर्पण’, १८७८ देशी भाषांतील वृत्तपत्रांचा कायदा, १८८१ ‘केसरी’. वही भरते, धीरही येतो. पण प्रश्न नुसत्या सनाचा नसतो. ‘विधान आणि कारण’ प्रकारचा एक नमुना करून पाहू. विधान : १८७८ मध्ये ‘अमृत बझार पत्रिका’ इंग्रजीत निघू लागली. कारण : व्हाइसरॉय लिटनचा वरचा कायदा फक्त देशी भाषांतील पत्रांना लागू होता. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण गुण मिळतो तो दुसऱ्यामुळे पहिलं घडलं हे ओळखण्याचा. या कायद्याने मॅजिस्ट्रेटला संपादकाकडून जामीन मागता येई, छापखाना जप्त करता येई, आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. हे ज्याने समजून घेतलं, त्याला पत्रिकेने भाषा का बदलली हे सांगावं लागत नाही. लिटननंतरचा व्हाइसरॉय रिपन याने १८८२ मध्ये कायदा रद्द केला, हेही त्याच ओघात लक्षात राहतं.

यावर रास्त आक्षेप आहे. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न आणि तीन तास. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. तिथे कार्यकारणभाव उलगडत कधी बसायचं? पण तो उलगडा परीक्षेच्या खोलीत करायचाच नसतो, तो घरी झालेला असावा लागतो. काही गोष्टी पाठच कराव्या लागतात, हेही मान्य : पहिला प्रेस आयोग १९५२चा, दुसरा १९७८चा, यात युक्ती चालत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत म्हणून तुक्क्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी मात्र एवढं ध्यानात घ्यावं की चार पर्यायांत तुक्का चारातून एकदाच लागतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण आणखी खरी आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते आणि ‘अजेंडा सेटिंग’ची, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात या सिद्धान्ताची, व्याख्या इंग्रजीत घोकली की ती घोकलेलीच राहते. म्हणून सिद्धान्त आधी आपल्या भाषेत पचवावा. हा सिद्धान्त मांडणाऱ्या मॅकोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिल या गावातले, मत कोणाला द्यायचं हे न ठरलेले शंभर मतदार निवडले. त्यांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात हे विचारलं, आणि ती क्रमवारी माध्यमांनी कोणत्या प्रश्नांना किती जागा दिली याच्याशी ताडून पाहिली. दोन्ही क्रमवाऱ्या जवळजवळ जुळल्या. हाच प्रयोग लहान प्रमाणावर घरी होतो : आठवडाभर दोन मराठी दैनिकांची पहिली पानं घ्यावीत, प्रत्येक विषयाला किती कॉलम-सेंटिमीटर मिळाले ते पट्टीने मोजावं, आणि शेजारच्या दहा जणांना एवढंच विचारावं की सध्या सगळ्यात मोठा प्रश्न कोणता वाटतो.