दुसऱ्या खेपेची माता

आमच्या रुग्णालयाच्या प्रसूतिपूर्व तपासणी विभागात थोडा वेळ बसले, तरी पहिलटकरीण कोण आणि दुसऱ्या खेपेची माता कोण हे केसपेपर न पाहता ओळखता येते. पहिलटकरणीसोबत आई असते, सासू असते, कधी नणंदही असते. तिच्या पिशवीत सर्व तपासण्यांचे कागद तारीखवार लावलेले असतात. दुसऱ्या खेपेची माता बहुधा एकटीच येते. थोरले मूल कडेवर किंवा बोटाला असते, आणि नाव नोंदविण्यास येईपर्यंत पाचवा महिना उलटून गेलेला असतो. उशीर का झाला असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "आता सगळं ठाऊक आहे, डॉक्टर. पहिल्या वेळी काहीच त्रास झाला नव्हता."

या उत्तरात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. एका बाळंतपणाचा अनुभव ही मोठीच शिदोरी आहे. मात्र पहिल्या खेपेने शरीरात, रक्तात आणि मनात जे काही मागे ठेवलेले असते, त्याच्यावर दुसरी खेप उभी राहते, आणि त्यातील बराचसा भाग मातेला स्वतःला जाणवत नाही. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या १.७ इतकी आहे. म्हणजे ज्या घरी दुसरे बाळंतपण होते, तेथे ते बहुधा शेवटचेच असते. म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर थोडा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम जे सोपे असते त्याविषयी. बाळाची हालचाल पहिलटकरणीला साधारणपणे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते; दुसऱ्या वेळी ती ओळखीची झालेली असल्याने दोनएक आठवडे आधीच उमगते. पोटाचे स्नायू पूर्वी ताणले गेलेले असल्याने पोटही लवकर दिसू लागते. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्यापर्यंत मजल जाणारा विकार पहिलटकरणींमध्ये अधिक आढळतो. पहिल्या वेळी तो झाला नसेल, तर दुसऱ्या वेळी त्याची भीती बरीच कमी होते. झाला असेल तर मात्र तो पुन्हा होण्याची शक्यता असते. बाळाला अंगावर पाजणेही दुसऱ्या वेळी लवकर जमते. उलट बाळंतपणानंतर गर्भाशय आकसताना येणाऱ्या कळा दुसऱ्या वेळी अधिक तीव्र असतात, विशेषतः बाळ पाजताना. याची पूर्वकल्पना नसल्याने पुष्कळ माता घाबरतात. त्या कळा स्वाभाविक आहेत.

आता कळांविषयी. पहिल्या बाळंतपणात गर्भाशयाचे मुख आधी पातळ होते आणि मग उघडू लागते. दुसऱ्या वेळी या दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात, आणि खालच्या स्नायूंनीही वाट एकदा दिलेली असते. त्यामुळे वेळ वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीत सहसा बारा तासांच्या आत आणि पुढील खेपांत दहा तासांच्या आत संपतो. त्यानंतर बाळ बाहेर येण्यास पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत व पुढे दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्षात दुसऱ्या खेपेच्या कित्येक माता याहून पुष्कळच लवकर मोकळ्या होतात.

घरातील वडीलधारी माणसे मात्र पहिल्या वेळचा हिशेब धरून बसतात. "मागच्या वेळी रात्रभर कळा होत्या, सकाळी जाऊ" हे वाक्य आम्ही रिक्षातून थेट प्रसूतिकक्षात आणलेल्या मातांच्या घरच्यांकडून अनेकदा ऐकले आहे. पापडी, गिरिज किंवा तरखडहून येणाऱ्यांचे एकवेळ निभावते. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्यांना महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. पाणजू बेटावरच्या किंवा अर्नाळा किल्ल्यावरच्या मातेला तर आधी होडी गाठावी लागते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचे रस्ते पाण्याखाली गेले होते आणि लोकलगाड्याही बंद पडल्या होत्या, हे येथील वाचकांना आठवत असेलच. म्हणून दुसऱ्या खेपेच्या मातेने कळा नियमित होताच निघावे, पाणमोट फुटल्यास कळांची वाट न पाहता निघावे, आणि होडीने येणाऱ्यांनी दिवस भरत आल्यावर रुग्णालयाजवळ राहणाऱ्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

याहून गंभीर गोष्ट रक्तगटाची आहे. आपल्या देशात शंभरांपैकी साधारण पाच जणांचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह असतो. माता निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त मातेच्या रक्तात मिसळते. मातेचे शरीर त्या परक्या पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. त्याला काही आठवडे लागतात, तोवर पहिले बाळ सुखरूप घरी गेलेले असते. प्रतिद्रव्ये मात्र मातेच्या रक्तात राहतात, आणि पुढच्या खेपेस वारेतून बाळापर्यंत पोहोचून त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते, आणि ती मेंदूपर्यंत गेली तर आयुष्यभराचे अपंगत्व येते. पहिले बाळंतपण निर्विघ्न पार पडले म्हणून कुटुंब निश्चिंत असते, आणि धोका नेमका दुसऱ्या बाळाला असतो.

यावरचा उपाय १९६८ सालापासून उपलब्ध आहे. निगेटिव्ह मातेला अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी हे इंजेक्शन दिले, तर ही प्रतिद्रव्ये बहुधा तयारच होत नाहीत. एकदा ती तयार झाली, की या इंजेक्शनाचा उपयोग उरत नाही. आमच्या रक्तदात्यांसाठी येथे एक उल्लेख करावासा वाटतो. हे औषध मानवी रक्तद्रवापासून बनते. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन या गृहस्थांच्या रक्तात ती दुर्मिळ प्रतिद्रव्ये मुबलक होती. त्यांनी १९५४ पासून २०१८ पर्यंत, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत, अकराशेहून अधिक वेळा दान केले. सन २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या दानामुळे त्या देशातील सुमारे चोवीस लाख बालकांना संरक्षण मिळाले, असा अंदाज सांगितला जातो.

आमच्याकडे आलेल्या एका मातेची हकीकत येथे सांगणे योग्य होईल. पहिली मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात, माहेरी जन्मलेली, बाळंतपण सुरळीत. रक्तगट निगेटिव्ह आहे हे तिला ठाऊक होते, पण प्रसूतीनंतर इंजेक्शन दिले की नाही हे तिला सांगता येईना, आणि कागद माहेरी राहिलेले. तपासणीत प्रतिद्रव्ये आढळली. बाळाच्या रक्तक्षयावर लक्ष ठेवण्यासाठी तिला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात वारंवार जावे लागले, प्रसूती मुदतीपूर्वी करावी लागली, आणि बाळाचे रक्त बदलावे लागले. बाळ वाचले. रोजंदारीवर जाणाऱ्या पित्याचे त्या चार महिन्यांत किती दिवस बुडाले याची मोजदाद आम्ही केली नाही. त्याने मात्र केली होती.

याच संदर्भात एक नाजूक बाब. आर-एच निगेटिव्ह मातेच्या बाबतीत पूर्वीचा गर्भपात, मग तो आपोआप झालेला असो वा करविलेला, ही देखील एक खेपच समजावी लागते. घरच्यांसमोर हे सांगणे मातेला अवघड जाते. तिचा पूर्वेतिहास विचारताना सोबतच्या मंडळींना आम्ही थोडा वेळ बाहेर बसवतो, ते यासाठीच. सासूबाईंनी राग मानू नये.

रक्तक्षयाबद्दल आपण पुष्कळ ऐकतो, तरीही थोडे. एका गरोदरपणात मातेला एकूण सुमारे एक ग्रॅम लोह लागते. दिसायला एवढेसे, परंतु शरीरातील साठा तेवढा नसतो, आणि बाळंतपणातील रक्तस्राव व नंतरचे पाजणे यांत तो आणखी घटतो. सन २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. मूल वर्षाचे होण्याआधीच पुन्हा दिवस गेले, तर रिकाम्या कोठारातूनच पुन्हा काढावे लागते. म्हणूनच एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान चोवीस महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मुंबईत १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे काम आरंभले, तेव्हा त्यांच्या वाट्याला उपहास आला. आज दोन मुलांत अंतर ठेवण्यास कोणी नावे ठेवत नाही, पण ते ठेवण्याची साधने बाळंतिणीला समजावून सांगण्यास घरात कोणी धजतही नाही. ते काम आमच्या परिचारिका करतात. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यावयाच्या असतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जरूर खावेत. ते गोळ्यांऐवजी नव्हेत.

पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असल्यास दुसऱ्याचे काय, हा आम्हांस सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. एकदा सिझेरियन म्हणजे नेहमीच सिझेरियन, हे न्यूयॉर्कचे डॉ. क्रेगिन यांचे १९१६ चे सूत्र. त्या काळी गर्भाशयावर उभा छेद घेत असत आणि तो पुढच्या कळांत उसवण्याची भीती मोठी असे. आता खालच्या भागात आडवा छेद घेतात. असा एकच छेद असलेल्या, योग्य निवड केलेल्या मातांपैकी चारांतील सुमारे तिघी नैसर्गिकरीत्या प्रसूत होऊ शकतात. जुना छेद उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो. लहान, पण घडल्यास काही मिनिटांचा खेळ. त्यासाठी शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्रंदिवस सज्ज असावे लागते. विश्वस्तांना दर वर्षी दिसणारा रात्रपाळीच्या भूलतज्ज्ञांवरील खर्च याच कारणाने कमी करता येत नाही. सिझेरियनची संख्या वाढत जाते, तसा वार गर्भाशयात खोल रुतण्याचा धोकाही वाढत जातो. म्हणून पहिल्या खेपेस विनाकारण सिझेरियन टाळणे ही दुसऱ्या खेपेची पहिली काळजी होय. मुहूर्त पाहून शस्त्रक्रिया मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिल्या वेळी गरोदरपणात साखर वाढली असेल, तर दुसऱ्या वेळी पहिल्याच भेटीत साखर तपासावी. ती पुन्हा वाढण्याची शक्यता बरीच असते.

शरीराइतकेच मनाचेही आहे. पहिलटकरणीला अज्ञाताचे भय असते, तर दुसऱ्या खेपेच्या मातेला आठवणीचे. पहिल्या वेळी डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, माहेरी विश्रांती मिळते. दुसऱ्या वेळी पाण्याचे हंडे, थोरल्याचा डबा आणि सकाळची विरार लोकल यांतून तिची सुटका नसते. पहिली मुलगी असल्यास आणखी एक प्रश्न घरात न बोलता वावरू लागतो. एका प्रसिद्ध अभ्यासानुसार, पहिली मुलगी असलेल्या भारतीय घरांत दुसऱ्या खेपेस दर हजार मुलग्यांमागे जन्मणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९० मध्ये ९०६ होते, ते २००५ मध्ये ८३६ वर आले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने, १९८८ साली, केला होता हे स्मरून हे आकडे वाचावेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी झाल्यास सहा हजार रुपये मिळू लागले आहेत. पात्र मातांचे अर्ज भरून देण्यास आमचा समाजसेवा विभाग मदत करतो.

शेवटी कागदांविषयी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. मात्र त्यामुळे कागदपत्रे कोकणात, घाटावर किंवा परराज्यात राहतात आणि दुसऱ्या खेपेची माता आमच्यासमोर रिकाम्या हाताने बसते. यासाठी आमच्याकडून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीस एक जाड कार्ड दिले जाते. त्यावर मातेचा व बाळाचा रक्तगट, अँटी-डी दिल्याची तारीख, सिझेरियन असल्यास त्याचे कारण व छेदाचा प्रकार, प्रसूतीनंतर अधिक रक्तस्राव झाला असल्यास त्याची नोंद, साखर, रक्तदाब आणि बाळाचे वजन एवढेच लिहिलेले असते. माहेरी प्रसूत झालेल्या मातांनी बाळाला घेऊन सासरी परतताना तेथील रुग्णालयातून हीच माहिती लिहून आणावी. कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेतच ठेवावे. ती पुस्तिका सहसा हरवत नाही.