हनीसकल लावताय? आधी जात ओळखा

आपल्याकडे फाटकावर, गच्चीच्या कठड्यावर डोलणाऱ्या मधुमालतीचे एक इंग्रजी नाव ‘चायनीज हनीसकल’ असे आहे. त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. संध्याकाळी पांढरी उमलणारी आणि पुढे गुलाबी, मग लाल होणारी ही फुले खऱ्या हनीसकलची नव्हेत. हनीसकलची प्रजाती वेगळी. सोळाव्या शतकातल्या आडाम लोनित्सर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून तिचे नाव ‘लोनिसेरा’ ठेवले गेले.

आपल्याकडे हा गोंधळ केवळ नावापुरता आहे. अमेरिकेत मात्र चुकीची हनीसकल लावणे जंगलांना महागात पडले. जपान, चीन आणि कोरियातली ‘जपानी हनीसकल’ १८०६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आणली गेली. फुले सुवासिक, वाढ झपाट्याची आणि जमीन धरून ठेवणारी मुळे, म्हणून पुढे रस्त्यांकडेच्या उतारांवरही तिची लागवड झाली. फांदी जमिनीला टेकली की पेराशी मुळे फुटतात. काळी फळे खाऊन पक्षी बिया दूरवर टाकतात. दक्षिणेकडच्या राज्यांत हिवाळ्यातही तिची पाने टिकतात, त्यामुळे इतर झाडे निष्पर्ण असताना ती वाढत राहते. ती कोवळ्या झाडांना पीळ घालून आवळते आणि त्यांचा प्रकाश अडवते. आज काही राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आहे.

तिला उत्तम पर्याय त्याच भूमीत आहे. पूर्व व आग्नेय अमेरिकेतली ‘कोरल हनीसकल’ कडाक्याची थंडी सोसते. उणे तीस अंशांच्या आसपासही तग धरते. तिची लांब नळीसारखी लाल फुले हमिंगबर्डना बोलावतात, पण त्यांना सुवास जवळजवळ नसतो. दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. जपानी वेलीची फुले पांढरी उमलून पिवळी पडतात. कोरल वेलीवर फुलांच्या लगेच खालची दोन पाने एकमेकांना जोडलेली असतात, जणू एकाच पानातून देठ आरपार गेला आहे. तिची फळे लाल असतात.

रोपे तयार करण्याचा सोपा मार्ग म्हणजे छाट कलम. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या, पण लवचीक फांदीचा १० ते १५ सेंटिमीटरचा तुकडा पेराच्या खाली कापावा. खालची पाने काढून वरची एखादी जोडी ठेवावी. टोकाला मुळे फुटण्याची पावडर लावून तुकडा वाळू व कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात खोचावा. वर पारदर्शक पिशवी घालून कुंडी उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवावी. काही आठवड्यांत मुळे धरतात.

दाब कलम त्याहून खात्रीचे. जमिनीजवळची फांदी वाकवावी, पेराखाली साल हलकेच खरवडावी, तेवढा भाग मातीत पुरून वर दगड ठेवावा. पुढच्या वसंतात मुळे धरली असतील, तर मूळ वेलीपासून तोडून लावावे. बियांपासून रोपे हवी असतील, तर गर धुऊन बिया ओल्या वाळूत मिसळून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवाव्यात. थंडी मिळाल्यावर त्या चांगल्या रुजतात.

भरपूर फुलांसाठी रोज सहा तास ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. वेल पीळ घालून चढते, म्हणून सपाट भिंतीऐवजी तारा किंवा जाळी द्यावी. फुले मुख्यतः आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येतात, त्यामुळे छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करावी; हिवाळ्याअखेरीस कात्री चालवली तर त्या वर्षीचा बहरच जातो. नत्रयुक्त खत जास्त झाले की पाने माजतात आणि मावा येतो. वेल दाटली, हवा खेळेनाशी झाली, तर भुरी पडते.

घरात लहान मुले असतील तर फळांवर लक्ष ठेवावे. ती खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी होऊ शकते. जपानी हनीसकलच्या वाळवलेल्या कळ्या चिनी पारंपरिक वैद्यकात ताप व घसादुखीवर वापरतात. म्हणून बागेतली कोणतीही वेल काढ्यात घालू नये.

ज्यांना थंड प्रदेशातली वेल नको, त्यांनी मधुमालतीच लावावी. छाट कलम आणि दाब कलम तिलाही चालते. फक्त तिचे जमिनीतून येणारे फुटवे वेळच्या वेळी काढावेत.