हार्नोनकोर्ट यांनी मागे काय ठेवलं?

योहान सेबास्टियन बाखच्या हस्तलिखितांत एखादा तुकडा किती गतीनं वाजवावा, आवाज कुठे चढवावा, कुठे उतरवावा, हे फारसं लिहिलेलं नसतं. बरोक काळातले, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतले वादक त्याच परंपरेत मुरलेले असत. त्यांना ते लिहून द्यावं लागत नसे. भातखंड्यांच्या पुस्तकातली स्वरलिपी समोर ठेवली म्हणून ख्याल उभा राहत नाही, तसंच हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र युरोपातले बरेच वाद्यवृंद बाख एक तर एकोणिसाव्या शतकाच्या भरजरी थाटात वाजवत, नाही तर यंत्रासारखा सरळसोट. ऑस्ट्रियन संगीत-संचालक निकोलाउस हार्नोनकोर्ट (१९२९–२०१६) यांना हे दोन्ही मान्य नव्हतं. जुनी वाद्यं परत आणणारा माणूस, ही त्यांची रूढ ओळख मला फार तोकडी वाटते. लिहिलेलं संगीत बोलण्यासारखं वाचायचं असतं, हे त्यांनी पटवून दिलं आणि त्यांचा खरा वारसा तोच आहे.

ते मूळचे चेलोवादक. व्हिएन्ना सिंफनीत नोकरी करत असतानाच १९५३मध्ये पत्नी, व्हायोलिनवादक ॲलिस, आणि काही सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘कॉन्सेंटस म्युझिकस’ हा वृंद उभा केला, आणि पहिली जाहीर मैफल केली ती १९५७मध्ये. मधली चार वर्षं अभ्यासात आणि तालमीत गेली. बरोक काळातला गज हातात घेतला की या अभ्यासाचं मोल कळतं. त्याची काठी बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेली आणि टोक हलकं असतं, त्यामुळे गज टोकाकडे जाताना स्वर आपसूक विरत जातो. आधुनिक गज स्वर एकसारखा ताणून धरण्यासाठी घडवलेला आहे. जुन्या गजानं चार स्वर वाजवले की पहिल्यावर भार येतो, बाकीचे हलके पडतात. सलग रेघ तुटते आणि वाक्य ऐकू येतं. वाद्य हे इथे साध्य नव्हतं, पुरावा होता.

यावर सर्वात धारदार आक्षेप अमेरिकी संगीतज्ञ रिचर्ड टारुस्किन यांनी घेतला: जुन्या काळाच्या नावानं खपवली जाते ती विसाव्या शतकाचीच आवड. यात तथ्य आहे. बाखचं ध्वनिमुद्रण नाही, तेव्हा मूळ कसं वाजत होतं याची खात्री कोण देणार? डच हार्प्सिकॉर्डवादक गुस्टाफ लेओनहार्ट यांच्यासह १९७१ ते १९९० या काळात हार्नोनकोर्ट यांनी बाखची चर्चसाठीची कँटाटा (वाद्यांच्या साथीनं गायच्या रचना) मुद्रित केली, तेव्हा वरच्या पट्टीतलं गायन बहुतांशी मुलग्यांकडे सोपवलं, कारण बाखच्या लाइपझिगमधल्या चर्चगायनात स्त्रिया नसत. काही ठिकाणी त्या कोवळ्या गळ्यांना ते गाणं पेलत नाही, हे उघड ऐकू येतं. बाखच्या काळी मुलांचा आवाज आजच्यापेक्षा उशिरा फुटायचा; जास्त वर्षं तयार झालेला तो गळा आज आणायचा कुठून?

पण हा आक्षेप लागू पडतो तो हुबेहूब प्रतिकृतीचा दावा करणाऱ्याला. हार्नोनकोर्ट यांना संगीताचं संग्रहालय नकोच होतं. बेथोवेनच्या सिंफनींचा त्यांचा संच १९९१मध्ये आला, तो आधुनिक वाद्यं वाजवणाऱ्या चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपसोबत. जुनी ठेवली ती मुख्यतः बिनझडपांची ट्रम्पेट, कारण त्यांचा खणखणीत आवाज बाकीच्यांना न झाकता वर येतो. प्रतिकृतीच हवी असती, तर अशी सरमिसळ त्यांनी केली नसती. पुढे व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं, वाद्यं आणि बाज न बदलण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या वृंदानं, आपल्या नववर्षाच्या मैफलीसाठी २००१ आणि २००३ अशी दोनदा त्यांनाच बोलावलं.