काळ्या सालीतला अर्धवाहक

‘जळगाव केळी’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रावेर-यावलचा माल विकताना नजर जाते ती सालीवर. साल काळी पडली की भाव पडला. भौतिकशास्त्राला मात्र त्या काळ्या रंगाचंच अप्रूप आहे.

सालीत डोपामिन भरपूर असतं. घड आपटला, पेशी फुटल्या, की त्यातलं एक विकर ऑक्सिजनच्या मदतीनं डोपामिनचं रूप बदलतं आणि ते रेणू एकमेकांना जोडले जाऊन मेलॅनिन तयार होतं. आपल्या केसांना काळेपणा देणाऱ्या रंगद्रव्याचं हे भावंड. ह्यूस्टनचे संशोधक मॅकगिनेस, कॉरी आणि प्रॉक्टर यांनी 1974 मध्ये मेलॅनिनचा चक्क स्विच करून दाखवला. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो वीज अडवतो, पुढे एकदम वाट मोकळी करतो.

अशा पदार्थातून वीज जाते कशी? तांब्यात अणू खेटून असतात, त्यामुळे मोकळा इलेक्ट्रॉन कुणा एकाचा राहत नाही. मेलॅनिनसारख्या कार्बनी रेणूंच्या घनपदार्थात रेणूंची आपसातली ओढ क्षीण असते. इलेक्ट्रॉन एका रेणूवर येऊन बसला की रेणूचा आकार किंचित बदलतो, आणि तिथून सुटायला ऊर्जा लागते. गिरणेच्या पात्रात दगडांवरून उड्या मारत पलीकडे जावं, तसा हा प्रवास. रेणूंमधलं अंतर जरासं वाढलं तरी उडीची शक्यता झपाट्यानं घटते. म्हणून रेणू कसे रचले गेलेत, यावर सगळं अवलंबून. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती उष्णतेची. भुसावळच्या मे महिन्यात तांब्याच्या तारेचा रोध वाढतो. अशा विस्कळीत रचनेच्या पदार्थांत मात्र उष्णतेनं उड्या सोप्या होतात.

मेलॅनिनचं आणखी वेगळं. त्यात इलेक्ट्रॉनांबरोबर प्रोटॉनही वाहतात आणि त्यांना ओलावा लागतो. वाळलेलं मेलॅनिन जवळजवळ निरोधक. दमट हवेत त्याची वाहकता हजारो पटींनी वाढते. आपल्या मज्जातंतूंतही वीज चालते ती आयनांवर. म्हणून शरीर आणि यंत्र यांना जोडणाऱ्या संवेदकांसाठी या पदार्थाचा अभ्यास चालला आहे.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांना हा विषय घरचा आहे. फक्त ओल्या सालीला थेट मल्टिमीटर लावू नये. काटा हलेल तो पोटॅशियमच्या क्षारांमुळे. मेलॅनिन सौम्य अल्कलीत विरघळवायचं, आम्ल घालून खाली बसवायचं, क्षार जाईपर्यंत धुवायचं आणि सुकवून वडी दाबायची. मग त्याच वडीची वाहकता आधी कोरड्या आणि नंतर दमट हवेत मोजायची.