मनमाडला गाडी बदलायची तेव्हापासून

नांदेडहून मुंबईला निघायचं म्हणजे मनमाडला गाडी बदलायची, हे आमच्या पिढीला पाठ होतं. आमची अजिंठा एक्सप्रेस मीटरगेजची, मुंबईची गाडी ब्रॉडगेजची. होल्डॉल, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि पेंगलेली पोरं, सगळं उतरवून दुसरा फलाट गाठायचा आणि वाट बघत बसायचं. आई तिथंच दशम्यांचं फडकं सोडायची. ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. शेजारचं कुटुंब परभणीचं निघायचं, नाहीतर सेलूचं. जेवण उरकेपर्यंत त्यांच्या कुणाची तरी सोयरीक आमच्या गल्लीत निघालेली असायची.

निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आलेली ही लाईन रुंद व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी तो प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला होता. त्यामुळे देवगिरी, नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये पाय पसरून झोपताना मला आजही वाटतं, ही बर्थ कुणीतरी भांडून मिळवून दिलेली आहे.

लातूरची गोष्ट निराळी. तिथं माझे मामा. आषाढीला त्यांच्याबरोबर पंढरपूरला जायचो ते बार्शी लाइटनं, अडीच फुटी रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं आखलेली ही रेल्वे 1897 मध्ये बार्शीला आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. डब्यात टाळ वाजत असायचे. चढावर गाडी मंदावली की रुळालगतच्या शेतातून कुणीतरी मामांना नावानं हाक मारायचं, आणि मामा खिडकीतून पावसाची चौकशी करायचे. उत्तर ऐकू येण्याइतका वेळ गाडी देत असे.

या कॅलथ्रॉपबद्दल पुढं वाचलं तेव्हा चकित झालो. 1910 मध्ये त्याचे मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधले रोल्स, विमान अपघातात गेले. त्यानंतर कॅलथ्रॉपनं वैमानिकांचा जीव वाचावा म्हणून पॅराशूट बनवण्याचा ध्यास घेतला. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. आमच्या लातूरची गाडी आखणारा माणूस उरलेलं आयुष्य आकाशातल्या माणसांची काळजी करत राहिला.

विमान आमच्याकडं उशिरा आलं आणि येत-जात राहिलं. शिखांच्या 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं नांदेडचा विमानतळ नव्यानं उभा राहिला. 27 एप्रिल 2017 ला ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या उड्डाणांत नांदेड–हैदराबाद होतं. मग सेवा थांबली, 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. आजारी माणसाला मोठ्या शहरात न्यायचं असेल तर तो एक तास लाखमोलाचा, हे मी मनापासून मानतो. मीही हैदराबादला विमानानं गेलो. वरून गोदावरी दिसली, उन्हात चकाकणाऱ्या तारेसारखी. बासरच्या पुलावर आगगाडी आली की लोक उठून नाणं टाकतात, हात जोडतात. वरून हात जोडायला मी उशीर केला. तेवढ्यात ती मागं गेली होती. शेजारच्या गृहस्थांशी एक शब्द बोलणं झालं नाही. मधलं धर्माबाद, मधलं निजामाबाद माझ्या प्रवासातून गळून गेलं, आणि त्याचीच चुटपुट लागून राहिली.

उलट सचखंड एक्सप्रेस. हुजूरसाहिब नांदेड ते अमृतसर, दोन हजारांहून अधिक किलोमीटर. वाटेतल्या काही स्थानकांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात आणि डब्यातले सगळे आपापली भांडी काढतात. एका प्रवासात समोरच्या बीजींनी माझ्यासाठी स्वतःचा स्टीलचा डबा पुढं केला. खिडकीतून कढी-भात त्यात पडला. वाफेनं झाकण लागेना, तर त्यांनी ओढणीच्या टोकानं धरून दाबून बसवलं आणि मग डबा माझ्या हातात दिला. त्यांना मराठी येत नव्हतं, माझी पंजाबी शून्य. अमृतसरपर्यंत आम्ही एकाच डब्यात जेवलो.

रुळांचं ऋण लातूरकरांना वेगळं सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये नळ कोरडे पडले तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. मिरज आणि लातूर ही जुन्या बार्शी लाइटची दोन टोकं. पंढरीच्या वाटेनं पाणी आलं, असं मामी म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी लातूर–मुंबई गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा शहर रस्त्यावर उतरलं. बिदरच्या माणसांवर राग नव्हता. जागा मिळणार कशी, ही धास्ती होती.

आता लातूरला डब्यांचा कारखाना आहे, आणि ऑगस्ट 2025 पासून नांदेडहून मुंबईला वंदे भारत धावते. तिच्यातून गेलो, सुख वाटलं. तरी परतताना मी देवगिरीच धरतो. सकाळी सेलू, मानवत रोड मागं पडतात, काळ्या रानात कापूस दिसू लागतो, कुणीतरी चादरीची घडी घालतं. मग डब्यातले तीन-चार फोन एकदमच लागतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात, “पूर्णा सुटलं. चहा टाका.”