सुरूर ते पोलादपूर : एका घाटरस्त्याची वाटचाल

भूगोलाच्या पुस्तकात रस्ता हा विषय बहुधा नकाशावरील एका रेघेपुरता येतो. ती रेघ सरळ का नाही, ती अमुक गावावरून गेली आणि तमुक गाव तिने का टाळले, असे प्रश्न विद्यार्थ्यांना पडत नाहीत, कारण ते कोणी त्यांच्यापुढे मांडत नाही. वास्तविक रस्त्याच्या प्रत्येक वळणामागे काही ना काही कारण असते. सातारा आणि रायगड या दोन जिल्ह्यांना जोडणारा सुरूर, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, पोलादपूर हा राज्यमार्ग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सुमारे ऐंशी किलोमीटरच्या या एका रस्त्यात देश, घाटमाथा आणि कोकण हे तिन्ही प्रदेश येतात, आणि त्याच्या आजूबाजूला त्याच्याहून जुन्या वाटा अद्याप शिल्लक आहेत.

पुणे-सातारा महामार्गावरील सुरूर येथे हा रस्ता पश्चिमेकडे फुटतो. वाईपर्यंतचा दहा-बारा किलोमीटरचा टापू सपाट शेतीचा असून तेथील जुन्या वडांची सावली प्रवाशांच्या परिचयाची आहे. कृष्णाकाठचे वाई हे क्षेत्र सोडल्यावर पसरणीचा घाट सुरू होतो. घाट चढून पाचगणी, तेथून माथ्यावरून एकोणीस किलोमीटरवर महाबळेश्वर, आणि मग उतार. हा उतार एकसलग नाही. महाबळेश्वराच्या पठारावरून मेटतळ्याच्या बाजूने रस्ता प्रथम कोयनेच्या खोऱ्यात, प्रतापगडाच्या पायथ्याशी असलेल्या कुंभरोशीस उतरतो. तेथील खिंड ओलांडल्यावर आंबेनळी घाटाने तो सावित्रीच्या खोऱ्यात जातो आणि कापडे या गावावरून पोलादपूर येथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. कुंभरोशीच्या या कण्यावर पडलेल्या पावसाचे दोन भाग होतात. पूर्वेकडे वळलेले पाणी कोयनेतून कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. पश्चिमेकडे वळलेले पाणी सावित्रीने बाणकोटच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात पोहोचते. जलविभाजक ही संज्ञा मुलांना समजावून देण्यास याहून सोयीचे स्थळ क्वचित सापडेल.

या मार्गाचा इतिहास रस्त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरण्याच्या वाटा प्राचीन काळापासून चालू होत्या. कोकणातून मीठ, भात, नारळ वर येई आणि देशावरून धान्य, गूळ खाली जाई. ही वाहतूक बैलांच्या पाठीवरून चाले, गाडीवरून नव्हे. वाईकडून जावळीत उतरणाऱ्या वाटेचे नाव रडतोंडीचा घाट. चढताना माणसाचे तोंड रडवेले होते म्हणून हे नाव पडले असे लोक सांगतात. पुढे इंग्रजांनी याच नावाचे ‘रोटुंडा’ असे रूप करून टाकले, तेव्हा त्यातील रडणे मात्र नाहीसे झाले. रडतोंडीने खाली आल्यावर कोयनेकाठी पार हे गाव लागे आणि तेथून पार घाटाने कोकण गाठता येई.

जावळीचे खोरे १६५६ साली शिवाजी महाराजांनी घेतले आणि पार घाटावर नजर ठेवील असा प्रतापगड मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली बांधविला. किल्ल्याची जागा वाटेवरून ठरली, ही गोष्ट शिवचरित्र शिकविताना अनेकदा निसटते. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान आपल्या फौजेचा एक भाग वाईस ठेवून रडतोंडीच्या घाटाने पार येथे उतरला. मोकळ्या मैदानात जी फौज भारी पडली असती, तिला या अरुंद वाटेने एकेकट्याने उतरावे लागले, आणि १० नोव्हेंबरच्या त्या दिवसानंतर त्याच वाटेने परत चढणे तिला शक्य झाले नाही. विद्यार्थ्यांनी या प्रसंगाचे चित्र पाहिलेले असते, परंतु प्रसंगाच्या भोवतालची जमीन पाहिलेली नसते. नकाशावर वाई, पार आणि प्रतापगड या तीन जागा दाखवून मधली उंची सांगितली, तर महाराजांनी भेटीसाठी जावळीचाच आग्रह का धरला हे मुले आपण होऊन सांगतील.

अठराव्या शतकात वाई भरभराटीस आली. तेथील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधले. पण माथ्यावर जाण्याचे मार्ग पायवाटाच राहिले. बदल झाला तो १८१८ नंतर. साताऱ्याच्या फौजेतील लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ साली महाबळेश्वराच्या माथ्यावर चढला आणि तेथील थंड हवेची वार्ता पसरली. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे वसाहतीस चालना दिली, आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन खंडाळा या गावाच्या बदल्यात ती जागा इंग्रजांकडे आली. माल्कम पेठ हे नाव त्या वेळचे. उन्हाळ्यात गव्हर्नरासह सरकारी दप्तर वर येऊ लागले, की त्याच्या मागोमाग सामान, नोकर, भाजीपाला आणि टपाल वर न्यावे लागे. रस्त्यांची गरज निर्माण झाली ती यातून, भोवतालच्या खेड्यांच्या सोयीसाठी नव्हे. मलायाकडून आणलेले चिनी कैदी महाबळेश्वर येथील तुरुंगात १८६४ पर्यंत ठेवलेले असत. भाजीपाला पिकविणे आणि वेताच्या टोपल्या विणणे ही कामे ते करीत. पाचगणीची वसाहत ही त्यानंतरची, जॉन चेसन यांच्या खटपटीतून उभी राहिलेली.

मुंबईहून येणारे प्रवासी त्या काळी समुद्रमार्गे येऊन सावित्रीच्या खाडीतून महाडनजीक दासगावपर्यंत पोहोचत. तेथून पुढे पालखी, डोली किंवा घोडा. पार घाटाची वाट सुधारण्यात आली तरी ती गाडीला अवघडच राहिली. म्हणून तिच्या शेजारून अगदी निराळी, लांबची आणि सौम्य चढाची नवी आखणी करण्यात आली. १८७६ मध्ये हा गाडीरस्ता खुला झाला. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर सीमोर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्यास देण्यात आले. तोच आजचा आंबेनळी घाट होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. जुनी वाट आखूड होती, मग नवा रस्ता मुद्दाम लांब का केला? याचे उत्तर बैलाच्या खांद्यावर आहे. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढत असेल तर त्या चढास ‘विसास एक’ असे म्हणतात. हजार किलो भरलेली गाडी अशा चढावर नेताना सपाटीवरील ओढीशिवाय पन्नास किलो वजनाइतकी जादा ओढ बैलांना लावावी लागते. चढ ‘दहास एक’ झाला की ही जादा ओढ शंभर किलो होते आणि काही वेळातच बैल थांबतात. उतरताना अडचण उलटी होते. गाडी मागून बैलांच्या मानेवर येते, म्हणून गाडीवान चाकात लाकूड अडकवून तिचा वेग कमी करीत. माणूस उभ्या वाटेने चढू शकतो, ओझ्याचा बैलही कसाबसा चढतो, गाडी चढू शकत नाही. गाडीसाठी डोंगर आडवा कापीत जावे लागते.

हा हिशोब मुलांकडून करून घेता येण्यासारखा आहे. महाबळेश्वराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर. पोलादपूर फारसे उंचावर नाही. म्हणजे साधारण १,३०० मीटर उतरावयाचे. विसास एक या प्रमाणाने त्यास २६ किलोमीटर लांबीचा उतार लागेल. प्रत्यक्ष रस्ता सुमारे ४० किलोमीटर भरतो, कारण मध्ये कोयनेचे खोरे आडवे येते, डोंगराच्या सोंडांना वळसे घालावे लागतात आणि शेवटचा भाग सावित्रीच्या काठाने जवळजवळ सपाट जातो. पसरणी घाटाचे गणित तर अधिक स्वच्छ आहे. वाईची उंची सुमारे ७२० मीटर, पाचगणीची सुमारे १,२९० मीटर, फरक ५७० मीटर, रस्त्याची लांबी सुमारे १२ किलोमीटर. भागाकार केला तर उत्तर एकविसास एक असे येते. बैलगाड्या या घाटातून केव्हाच गेल्या, मोटारी आणि मालमोटारी आल्या, तरी पर्वतीय रस्त्यांसाठी भारतातील अभियंते आजही सर्वसाधारण चढ विसास एक हाच धरतात. वळणांची रुंदी वाढली, कठडे बदलले, डांबर आले. आखणी मात्र बहुतांशी तीच राहिली.

रस्त्याचे दैव मात्र एकसारखे राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून साताऱ्याकडे लोहमार्ग आला आणि वाठार स्थानकावर उतरून वाईमार्गे महाबळेश्वर गाठणे सोयीचे झाले. समुद्राचा मार्ग मागे पडला. एवढ्या खर्चाने बांधलेल्या पश्चिमेकडील घाटाची वर्दळ काही दशकांतच उतरली आणि पसरणीची वाढली. मोटारींचा काळ आला आणि मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक वाढली, तेव्हा आंबेनळीस पुन्हा महत्त्व आले.

१९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत देशातील रस्त्यांची वर्गवारी ठरविण्यात आली : राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग. ही वर्गवारी केवळ कागदोपत्री नाही. रस्ता खचला तर दुरुस्ती कोणी करावयाची, हे तीवरून ठरते. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग यांची जबाबदारी १ मे १९६२ रोजी स्थापन झालेल्या जिल्हा परिषदांकडे आहे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहिला तरी वर्ग ओळखता येतो. राष्ट्रीय महामार्गाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा. मुलांच्या सहलीत ही ओळख पाच मिनिटांत होते आणि पुढे विसरत नाही.

घाटरस्त्याचा खरा शत्रू चढ नव्हे, पाणी होय. वाईस वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर तेथून तीस-बत्तीस किलोमीटरवरील महाबळेश्वरास साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक. माथ्यावर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असून पाणी शोषतो. त्याखाली काळ्या कातळाचे थर आहेत आणि त्यांच्या उतारावर मातीचे आवरण. मुरलेले पाणी कातळावर अडते, माती भिजून जड होते आणि एका क्षणी सगळा भार घसरतो. रस्ता कापताना डोंगराचा पायथाच कापलेला असतो, त्यामुळे दरड बहुधा रस्त्यावरच येते. म्हणून डोंगराच्या कुशीचे गटार मोकळे ठेवणे, प्रत्येक ओढ्याखालील मोरी साफ करणे, दरीकडील संरक्षक भिंतीतून पाणी बाहेर पडण्याची छिद्रे बुजू न देणे ही कामे डांबराहून महत्त्वाची असतात. पूर्वी ठरावीक लांबीच्या रस्त्यावर मैलकुली नेमलेला असे. फावडे आणि घमेले घेऊन तो पावसाळाभर हेच करी. त्याचे काम उत्तम झाले की ते कोणाला दिसत नसे, ही त्या कामाची अडचणच म्हणावी लागेल.

२२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वाईच्या वर्षभराच्या पावसाचा तो मोठा हिस्सा एका दिवसात कोसळला. आंबेनळी घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ता वाहून गेला आणि वाहतूक बंद पडली. पर्यटकांची सहल चुकली हे त्यातील लहान नुकसान. प्रतापगडाभोवतालच्या वाड्यांचा आजारी मनुष्य, दूध, शाळेत पायी न येणारा शिक्षक, आठवडाबाजार हे सारे याच एका रस्त्यावर अवलंबून आहे. गव्हर्नरांच्या उन्हाळ्यासाठी काढलेला रस्ता दीडशे वर्षांत या लोकांचा एकमेव आधार बनला आहे. या घाटाचे दुसरे स्मरण अधिक दुःखाचे आहे. २८ जुलै २०१८ रोजी सहलीस निघालेल्या कर्मचाऱ्यांची बस येथील दरीत कोसळली. प्रवाशांपैकी एकच वाचला.

शिक्षकांना या विषयावर दोन तास देता आले तर पहिला उंचीच्या गणितासाठी आणि दुसरा वाटांच्या तुलनेसाठी वापरावा. तालुक्याच्या नकाशावर जुनी वाट तुटक रेघेने आणि राज्यमार्ग सलग रेघेने काढून घ्यावा. दोन्ही रेघा कोठे एकत्र येतात आणि कोठे दुरावतात, हे मुलांनी स्वतः पाहावे. त्यात एक गोष्ट चटकन लक्षात येईल. ज्या पार गावावरून शतकानुशतके सगळी वाहतूक गेली, ते गाव आज राज्यमार्गावर नाही. तेथे कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. गाडीरस्ता कुंभरोशीकडून गेला, आणि तो पूल आजही उभा आहे.