अनेकवचनी नामविशेषके, इंग्रजीतील
इंग्रजीत एका नामापूर्वी दुसरे नाम ठेवून पूर्वपदाकडे विशेषणाचे कार्य सोपविता येते. अशा पूर्वपदास नामविशेषक म्हणतात. ते सामान्यतः एकवचनी असते. त्याने सूचित केलेल्या वस्तू कितीही असोत. ‘टूथब्रश’ एका दातासाठी नसतो. नेहमी अनेकवचनातच येणारे ‘ट्राउझर्स’ हे नामही ‘ट्राउझर प्रेस’मध्ये अंत्य प्रत्यय गमावते. संख्यावाचक शब्द आला, तरी ‘फाइव्ह-इयर प्लॅन’ (पंचवार्षिक योजना) असेच रूप होते. ‘पाच वर्षांची योजना’ म्हणण्याची सवय असलेला मराठी विद्यार्थी येथे हमखास ‘इयर्स’ लिहितो.

या नियमाचे अपवाद मात्र थोडे नाहीत, आणि त्यांतील बरेच सहेतुक आहेत. अनेकवचनी रूपाला स्वतंत्र अर्थ असेल, तर तो राखण्यासाठी प्रत्यय टिकतो. ‘आर्म’ म्हणजे बाहू आणि ‘आर्म्स’ म्हणजे शस्त्रेही. म्हणून शस्त्रस्पर्धा ही ‘आर्म्स रेस’. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, तर ‘कस्टम्स’ म्हणजे सीमाशुल्क. ‘कस्टम्स ऑफिसर’मधील ‘स’ गाळल्यास अधिकाऱ्याचे कामच बदलेल. ‘गुड्स ट्रेन’ व ‘सेव्हिंग्ज बँक’ याच वर्गातील होत. संस्था व खाती यांच्या नावांत निराळे कारण दिसते : ‘पार्क्स डिपार्टमेंट’ असे म्हणताना एकेक उद्यान वेगळे मोजून त्यांचा समूह अभिप्रेत असतो. अशी रूपे अमेरिकन इंग्रजीपेक्षा ब्रिटिश इंग्रजीत अधिक आढळतात. अमली पदार्थांच्या समस्येला ब्रिटनमध्ये बहुधा ‘ड्रग्ज प्रॉब्लेम’, तर अमेरिकेत ‘ड्रग प्रॉब्लेम’ म्हणतात.

पीटर गॉर्डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ५ वर्षांच्या मुलांना उंदीर खाणाऱ्यास काय म्हणावे, असे विचारले. ‘माइस’ हे अनियमित अनेकवचन अवगत असलेली मुले ‘माइस-ईटर’ म्हणत. पण ‘रॅट्स’ हे रूप येत असूनही ‘रॅट्स-ईटर’ असे ती जवळजवळ कधीच म्हणत नसत. पॉल किपार्स्की यांच्या १९८२ च्या विवेचनात याचे स्पष्टीकरण सापडते. अनियमित रूप शब्दसंग्रहातच साठविलेले असल्याने ते समासाला उपलब्ध असते, तर नियमित प्रत्यय समास झाल्यावर लागतो. ‘आर्म्स’सारखी अर्थाने स्वतंत्र झालेली रूपे या उपपत्तीत बसविता येतात. ‘पार्क्स डिपार्टमेंट’ मात्र तीत सहजासहजी सामावत नाही, आणि ही उणीव गौण मानता येणार नाही.

लेखनात आणखी एक गुंता आहे. नामविशेषक, षष्ठीचे एकवचन व षष्ठीचे अनेकवचन हे तिन्ही पुष्कळदा एकसारखे उच्चारले जातात. भेद केवळ षष्ठीचिन्हाने दाखविला जातो. अमेरिकेत १९५४ पासून या नावाने पाळला जाणारा ‘व्हेटरन्स डे’ अधिकृतपणे चिन्हाविना लिहितात. माजी सैनिक हे त्या दिवसाचे स्वामी नसून विशेषक आहेत, ही त्यामागची भूमिका.

संस्कृत समासात पूर्वपदाची विभक्ती पाणिनीच्या नियमानुसार सामान्यतः लोप पावते व तिच्याबरोबर वचनही. ‘राजपुरुष’ एका राजाचा की अनेकांचा, हे शब्दावरून कळत नाही. मराठीने ‘स्पोर्ट्स’, ‘सेल्स टॅक्स’ इ. शब्द उचलले, ते मात्र प्रत्ययासकट. तो अनेकवचनाचा आहे, याची जाणीव बोलणाऱ्याला क्वचितच असते.